स्टीलच्या स्कूबा टाकीतला गंज: काढण्याचा आणि परत न येऊ देण्याचा क्रम

डायव्हिंगची टाकी टम्बलरवर (आत खडे घातलेली टाकी आडवी फिरवणाऱ्या यंत्रावर) तासन्‌तास फिरवली, आतून लख्ख झाली, नळाच्या पाण्याने धुतली, उलटी करून ठेवली; आणि दोन तासांनी दिवा आत सोडून पाहिलं तर भिंतीवर पुन्हा तांबूस थर. ही तक्रार सारखी येते. जवळपास प्रत्येक वेळी दोष टम्बलिंगचा नसतो, त्यानंतरच्या अर्ध्या तासाचा असतो. घासून उघडं पडलेलं स्टील ओलं राहिलं की काही मिनिटांत गंजायला लागतं. म्हणून पुढे धुण्या-वाळवण्याबद्दल जास्त लिहिलं आहे आणि घासण्याबद्दल लागेल तेवढंच.

हे सगळं क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलच्या, आतून लेप नसलेल्या टाक्यांना लागू आहे. ॲल्युमिनियमच्या टाक्यांचं तंत्र वेगळं, त्यांना यातलं काही लावू नका. काही जुन्या स्टीलच्या टाक्यांना आतून इपॉक्सीचा लेप असतो. तो फुगून त्याखाली पाणी साचलेलं असेल तर टाकी घरी उघडण्यात अर्थ नाही, सरळ चाचणी केंद्रात पाठवा.

## कामाला हात लावण्यापूर्वी

गंज काढणं एक आणि टाकी पुढे वापरायची की बाद करायची हे ठरवणं दुसरं. दुसरा निर्णय प्रशिक्षित तपासनीसाचाच. भारतात गॅस सिलिंडर पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या, अखत्यारीत येतात (मुख्यालय नागपूरला आहे) आणि त्यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात. दाबचाचणी मान्यताप्राप्त केंद्रातच होते. व्हॉल्व्ह काढण्या-बसवण्याचा सराव नसेल तर तेही काम तिथेच करून घ्या.

वेळ नीट निवडा. मालवण-तारकर्लीच्या बाजूला पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं आणि टाक्या जून ते सप्टेंबर पडून असतात. आत ओल राहिलेली टाकी हे चार महिने गंजत राहते. सफाई मे महिन्यात, हवा दमट होण्याआधी उरका. आणि दाबचाचणीची मुदत जवळ आली असेल तर आधी गंज काढा, मग चाचणी. त्या चाचणीत टाकी पाण्याने भरतात. आधी चाचणी आणि मग सफाई असा उलटा क्रम लावला तर टाकी दोनदा ओली होते, दोनदा वाळवावी लागते आणि तपासनिसाला गंजाखालची भिंत दिसतच नाही.

जवळ काय हवं:

- टाकी पकडायला लाकडी ठोकळ्यांचा किंवा जाड पट्ट्याचा शिकंजा. उघड्या लोखंडी जबड्यात टाकी धरली तर बाहेरून ओरखडे पडतात आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो.
- वायरच्या टोकाला बसवलेला छोटा एलईडी दिवा आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा. बोरस्कोप (टोकाला कॅमेरा असलेली लवचिक नळी) असेल तर उत्तम.
- रबरी रोलरचा टम्बलर. रिकामी १२ लिटरची टाकी साधारण १३-१४ किलोची असते. खडे आणि पाणी धरून रोलरवर २५ किलोच्या आसपास भार येतो.
- सिरॅमिक किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे टम्बलिंगचे खडे, ६ ते १० मिलिमीटरचे.
- धुण्याचा सोडा, ४-५ लिटर डिस्टिल्ड वॉटर, वजनकाटा, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा; घरच्या आरओचं पाणी तपासायला वापरतात तोच).
- टाकीच्या बुडापर्यंत पोचेल अशी ८-१० मिलिमीटरची तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी.
- श्वसनाच्या हवेने भरलेली दुसरी टाकी, रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज (टाकीतल्या हवेचा दाब कमी करणारा भाग) आणि बीसीडीच्या (डायव्हरच्या हवा भरायच्या जाकिटाच्या) होजला लागणारी, हवेचा झोत सोडणारी ब्लोगन.
- नवी ओ-रिंग (व्हॉल्व्हखालची रबरी कडी), ग्रीस, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा).

वाळवायच्या हवेची सोय टम्बलर सुरू करण्याआधी लावून तपासा. घासून झाल्यावर होज शोधायला गेलात की काम वाया गेलं म्हणून समजा.

## टप्पा १: टाकी रिकामी करणं

व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा हळूहळू सोडा. घाईने सोडली तर स्टील गार पडतं, आणि गार टाकीचा व्हॉल्व्ह काढला की बाहेरची दमट हवा आत शिरून भिंतीवर दव धरते. टाकी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा.

आवाज थांबला म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही. व्हॉल्व्हच्या आतल्या नळीत गंजाचा चुरा अडकला असेल तर आत दाब राहतो आणि बाहेर काहीच येत नाही. २५ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर १० बारचा (१ बार म्हणजे साधारण वातावरणाइतका) दाब साधारण ५० किलोच्या जोराने व्हॉल्व्ह बाहेर ढकलतो. २०० बारला हा जोर टनाच्या घरात जातो.

सावधान: व्हॉल्व्हचा खटका पूर्ण उघडा ठेवूनच तो काढायला घ्या. डोकं, छाती किंवा हात व्हॉल्व्हच्या रेषेत नको.

## टप्पा २: व्हॉल्व्ह काढणं

पहिल्या झटक्यात व्हॉल्व्ह सैल झाला की पुढे तो हाताने फिरायला हवा. तसा फिरत नसेल तर दोनच कारणं: आत दाब आहे, नाहीतर आट्यांत मीठ धरलंय. दोन्हीत पान्याला पाइप लावून जोर वाढवायचा नसतो. आट्यांमधून बारीक फुसफुस ऐकू आली तर जागीच थांबा, आवाज पूर्ण जाऊ द्या आणि मगच पुढे फिरवा. हातोडा मारू नका, टाकीला किंवा मानेला गॅसची टॉर्च लावून तापवू नका.

बाहेर आलेला व्हॉल्व्ह बाजूला टाकण्याआधी त्याची नळी नीट पाहा. कोरडी आणि स्वच्छ असेल तर गंज बहुधा वरवरचा आहे. नळीवर तांबडा चिखल किंवा हिरवट-पांढरा क्षार असेल तर आत पाणी होतं, आणि बहुतेक वेळा समुद्राचं.

व्हॉल्व्ह आणि टाकीच्या मानेवर ठोकलेली आट्यांची खूणही आत्ताच लिहून घ्या. टप्पा १० मध्ये ती लागेल.

## टप्पा ३: आत पाहणं आणि ठरवणं

टाकी उलटी करून पांढऱ्या कापडावर हलकेच ठोका. काय पडतं यावर पुढची रीत ठरते.

कोरडी बारीक पूड, भिंतीवर सारखा तांबूस रंग: वरवरचा गंज. थोडा वेळ कोरडं टम्बलिंग पुरतं. कापडावर जवळपास काहीच पडलं नाही आणि रंग फिका असेल तर कित्येक तपासनीस अशी टाकी तशीच पास करतात. तिला उगाच घासू नका.

पापुद्रे: गंज जाड आहे. ओलं टम्बलिंग लागेल, आणि पापुद्र्यांखाली खळगे असण्याची शक्यता धरूनच चला.

ओला चिखल: पाणी शिरलंय. आधी मीठ धुवा, मग बाकीचं.

तेलाचा वास, काळपट चिकटपणा: कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधून तेल गळतंय. टाकी साफ करून त्याच कॉम्प्रेसरवर भरली तर महिन्याभरात हेच पुन्हा. आधी फिल्टर बदला.

मग दिवा आत सोडून बूड, भिंत, खांद्याचं आतलं वळण आणि मानेचे आटे हे चार भाग वेगवेगळे पाहा. टाकी पाणी राहिलेल्या अवस्थेत आडवी पडून असेल तर गंजाचा लांब पट्टा दिसतो. एकट्या-दुकट्या खळग्यापेक्षा ओळीने पडलेले खळगे जास्त धोक्याचे. दाबाखाली भिंत अशा ओळीवर फाटू शकते. असा पट्टा दिसला तर घासण्यावर वेळ घालवण्याआधी टाकी तपासनिसाला दाखवा. बाद होणारच असेल तर मेहनत वाचेल.

टाकीचं वजन करा. मूळ वजन टाकीवर ठोकलेलं असतं. भारतीय नियमांप्रमाणे मूळ वजनात ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट झालेलं सिलिंडर बाद. १३.५ किलोच्या टाकीत ही मर्यादा ६७५ ग्रॅमची. मात्र वजन ठीक आलं म्हणून टाकी ठीक आहे असं समजू नका. एका जागी खोल गेलेला खळगा काट्यावर दिसत नाही.

## टप्पा ४: मीठ आणि तेल आधी काढणं

हा टप्पा बरेच जण गाळतात. मीठ तसंच ठेवून टम्बलिंग केलं तर खाऱ्या पाण्यातच घासणं चालतं. पुढे सोड्याच्या पाण्याने स्टीलवर येणारं संरक्षण मिठातलं क्लोराइड असताना टिकत नाही.

तेल असेल तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे काही थेंब घालून गरम पाण्याने दोनदा खळबळून धुवा. पेट्रोल, थिनर, रॉकेल यातलं काहीही आत जाऊ देऊ नका. ही हवा कुणाच्या तरी फुप्फुसात जाणार आहे.

मिठासाठी २-३ लिटर गोडं पाणी घाला, टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि पाणी ओता. घालण्याआधी आणि ओतल्यावर टीडीएस मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येईपर्यंत धुवत राहा. किनाऱ्यावरच्या विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. ते वापरण्याआधी मोजाच. ५००-६०० च्या पुढे आकडा असेल तर आरओचं पाणी घ्या.

## टप्पा ५: टम्बलिंग

खडे कोणते. मानेचं भोक २२-२३ मिलिमीटरचं असतं. खडा त्याच्या निम्म्यापेक्षा मोठा नको. मोठे खडे आत जातात एकेक करून, पण बाहेर येताना दोन-तीन मिळून मानेत अडकतात. त्रिकोणी आणि गोल असे मिसळून घेतले तर सपाट भिंत आणि वळणं दोन्ही घासली जातात. नदीतली वाळू-खडी नको, ती फुटते. नट-बोल्ट आणि साखळी नको, त्याने भिंतीला चरे पडतात. दुसरीकडे पितळ किंवा ॲल्युमिनियम घासायला वापरलेले खडेही नको. त्यांच्यावर चिकटलेला धातू टाकीत उतरतो.

किती. टाकी आडवी असताना निम्मीला थोडी कमी भरावी. १२ लिटरच्या टाकीला ५ ते ५.५ लिटर खडे, वजनाने साधारण ८ किलो. जास्त भरले तर खड्यांना सरकायला जागा उरत नाही. आत टाकण्याआधी खड्यांचं नेमकं वजन लिहून ठेवा.

पाणी. ओल्या पद्धतीत खडे जेमतेम बुडतील इतकं, म्हणजे अडीच लिटरच्या आसपास. त्यात लिटरमागे १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. पाणी पुरेसं अल्कधर्मी असलं की घासून उघडं पडलेलं स्टील लगेच गंजत नाही. साध्या पाण्यात घासलं तर एकीकडे गंज निघतो, दुसरीकडे बनतो. कोरड्या पद्धतीत खडे उन्हात किंवा ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून मगच घाला.

वेग. १७१ मिलिमीटर व्यासाच्या टाकीत मिनिटाला साधारण १०० फेऱ्या झाल्या की खडे भिंतीला चिकटून टाकीबरोबरच गरगरतात आणि घासणं थांबतं. ३० ते ५० फेऱ्या योग्य. कान लावून ऐका: सलग सरसर आवाज हवा. आवाज बंद पडला तर वेग जास्त आहे किंवा खडे जास्त भरलेत. थांबत थांबत धपधप येत असेल तर वेग कमी आहे.

बूच. मानेत रबरी किंवा नायलॉनचं बूच घट्ट बसवा, म्हणजे खडे आट्यांवर आपटणार नाहीत. जुना व्हॉल्व्ह बूच म्हणून वापरण्याची सवय वाईट. त्यात चुरा जातो आणि एखाद दिवशी कुणीतरी तोच व्हॉल्व्ह टाकीवर चढवतं.

वेळ. वरवरच्या गंजाला १-२ तास, पापुद्र्यांना ४-६ तास. दर तासाला थांबवून आत पाहा आणि फिरण्याची दिशा बदला. टाकी सपाट ठेवून भिंतच घासली जाते. बूड आणि खांदा राहून जातात. त्यासाठी रोलरची एक बाजू ठोकळ्यावर चढवून टाकी ५-१० अंश कलती करा, थोडा वेळ बुडाकडे आणि थोडा वेळ खांद्याकडे.

कधी थांबायचं. भिंत राखाडी आणि सारखी दिसली की बास. खळग्याच्या तळाशी काळपट ठिपका उरला तर तो राहू द्या. तो काढायच्या नादात रात्रभर फिरवलं की खळग्याभोवतीची चांगली भिंतच झिजते. २३२ बारच्या पुष्कळशा १२ लिटर टाक्यांची भिंत मुळात ४ मिलिमीटरच्या आसपास असते. दरवर्षी टम्बलिंग करावं लागत असेल तर दोष टाकीत शोधू नका, भरणाऱ्या हवेत शोधा.

ड्रिलला लावून फिरवायची साखळीची किंवा तारेची काठी एखाद्या डागापुरती चालते, पण हात सतत हलता हवा. एका जागी थांबली की चर पाडते.

आम्लाबद्दल. फरशी धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते गंज खातं हे खरं, पण त्यात सुटणारा हायड्रोजन या उच्च ताकदीच्या स्टीलमध्ये शिरून ते ठिसूळ करू शकतो, आणि मागे क्लोराइड उरतं. टाकीत ते कधीही नको. चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ तांब्या-पितळेच्या भांड्यांपुरतं ठेवा. फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक द्रव बाजारात मिळतात, पण ते खळग्यांतून पूर्ण निघालं याची खात्री करणं अवघड. टम्बलिंगने भागत असताना त्या वाटेला जाऊच नये.

## टप्पा ६: खडे बाहेर काढणं

टाकी उलटी करून चाळणीवर हलवत खडे काढा. पाण्यात सोडा आहे तोवर घाई नाही. गाळ बसू न देता सोड्याच्या पाण्याने एकदा खळबळून ओता.

तपासा: खडे धुऊन, वाळवून वजन करा. झिजेमुळे थोडी घट येईल, पण ती अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर एखादा तुकडा खांद्याच्या वळणात अडकलेला आहे. टाकी कानाशी धरून फिरवली की खुळखुळ ऐकू येते. असा तुकडा पुढे व्हॉल्व्हच्या नळीत जाऊन पाण्याखाली हवा अडवू शकतो.

## टप्पा ७: धुणं

इथून पुढे मध्ये चहाला थांबायचं नाही. शेवटचं पाणी ओतल्यापासून कोरडी हवा सुरू होईपर्यंत एक-दोन मिनिटंच जायला हवीत. हवेची टाकी, होज, नळी जोडून हाताशी ठेवा आणि मगच धुवायला घ्या.

१. ६०-७० अंश गरम पाण्याने दोनदा धुवा. दुसऱ्या पाण्यात गाळ दिसला तर तिसऱ्यांदा.

२. लगेच ३ लिटर डिस्टिल्ड वॉटर ८० अंशांपर्यंत तापवून घाला. बूच लावू नका, वाफ कोंडते. जाड हातमोजे घालून टाकी कलती धरा आणि पाणी सगळीकडे पोचेल अशी मिनिटभर फिरवा. ३ लिटर पाण्यात एवढी उष्णता असते की १४ किलोची टाकी साधारण ६० अंशांपर्यंत तापते. या धुण्याचं खरं काम क्षार काढण्याइतकंच धातू तापवणं हे आहे. गरम भिंतीवरचं पाणी आपण होऊन उडून जातं.

३. पाणी झटकन ओता, टाकी उलटी स्टँडवर ठेवा.

या ठिकाणी नळाचं गार पाणी वापरणं ही सर्रास होणारी चूक. धातू थंड होतो, पाणी रेंगाळतं, क्षार मागे राहतो आणि अर्ध्या तासात तांबूस पडदा चढतो.

सावधान: लवकर वाळावं म्हणून स्पिरिट घालून टाकी तापवायची युक्ती काही जण सांगतात. बंदिस्त भांड्यात ज्वलनशील वाफ आणि गरम हवा एकत्र आणणं म्हणजे आगीला निमंत्रण.

## टप्पा ८: वाळवणं

टाकी उलटी, मान खाली. नळी मानेतून वर थेट बुडापर्यंत. नळी आणि मानेच्या कडेमध्ये हवेला बाहेर पडायला जागा हवी. नळी निम्म्यात ठेवली तर हवा खालच्या भागातच फिरून बाहेर येते आणि बूड ओलंच राहतं.

हवा श्वसनाच्या टाकीतलीच. १२ लिटरच्या २०० बार भरलेल्या टाकीत २,४०० लिटर हवा असते. मिनिटाला १०० लिटर सोडली तर २४ मिनिटं पुरते. ब्लोगन पूर्ण दाबली तर ती फार लवकर संपेल, म्हणून बारीक पण सलग सोडा. टाकी गरम असतानाची पहिली १०-१५ मिनिटं सगळ्यात महत्त्वाची.

पंक्चरवाल्याकडच्या किंवा वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात तेल आणि पाणी दोन्ही असतं. हीटगन किंवा हेअर ड्रायरचा उपयोग होतो, पण शेवटचा हात त्याने मारू नका. ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या कोकणातल्या हवेत घनमीटरमागे साधारण २७ ग्रॅम पाणी असतं. ती गरम असताना पाणी शोषते, पण टाकीत अडकून थंड झाली की रात्री २८ अंशांखाली गेल्यावर तेच पाणी दव होऊन भिंतीवर बसतं. म्हणून शेवटची ५ मिनिटं श्वसनाच्या टाकीतली कोरडी हवाच. टाकी बाहेरून तापवायची असेल तर हात जेमतेम ठेवता येईल इतकीच, ६० अंशांच्या आत. ज्योत कधीही नाही.

तपासा: पांढरा टिश्यू काठीला गुंडाळून बुडाला, खांद्याच्या वळणाला आणि मानेच्या आट्यांच्या आतल्या कडेला लावा. पाणी दडून राहायच्या जागा याच. मग गार आरसा मानेशी धरा आणि हवा चालू ठेवा. आरशावर धूसर काही आलं तर अजून ५-१० मिनिटं.

## टप्पा ९: पुन्हा पाहणी

दिवा आत. तीन शक्यता आहेत.

भिंत राखाडी, कोरडी: काम झालं.

अगदी फिकट केशरी छटा आहे, पण कापडावर ठोकल्यावर काही पडत नाही: चालतं. ही छटा घालवायला पुन्हा ओलं टम्बलिंग करू नका, तेच चक्र पुन्हा सुरू होईल.

केशरी पूड बोटाला लागते: वाळवण्यात कमी पडलं. पूर्ण कोरड्या खड्यांनी अर्धा तास कोरडं टम्बलिंग करा, खडे काढा, कोरड्या हवेने पूड उडवा. पाणी लावू नका.

खळगे दिसत असतील किंवा जाड गंज निघाला असेल तर टाकी भरण्याआधी चाचणी केंद्रात पाठवा. तिथे खळग्यांची खोली आणि भिंतीची जाडी मोजली जाते आणि दाबचाचणी होते. २३२ बारच्या युरोपीय टाकीसाठी चाचणीचा दाब ३४८ बार असतो, आणि तो मानेजवळ ठोकलेलाही असतो. चाचणीनंतर वाळवण्याचं काम केंद्रावर सोडून देऊ नका. व्हॉल्व्ह बसवण्याआधी टाकी घरी आणून टप्पा ७ चं दुसरं धुणं आणि टप्पा ८ स्वतः करा, किंवा डोळ्यांसमोर करून घ्या. टाकी बाद ठरली तर ती चपटी करून किंवा कापून नष्ट करावी लागते. भंगारात अख्खी देऊ नका, ती फिरून कुणाच्या तरी पाठीवर येऊ शकते.

## टप्पा १०: व्हॉल्व्ह बसवणं

आट्यांची खूण ताडून पाहा. एम-२५×२ आणि पाऊण इंची एनपीएसएम हे आटे दिसायला जवळजवळ सारखे. एम-२५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची टाकीत किंचित सैल बसतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली सुटून उडतो. खूण जुळत नसेल किंवा वाचता येत नसेल तर बसवू नका.

ओ-रिंग दरवेळी नवी. तिच्या खोबणीत खडा किंवा गंजाचा कण नाही ना, बोट फिरवून पाहा. ग्रीस अगदी पुसट. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन आत जाणार असेल, म्हणजे दाबाच्या हिशेबाने टाकीतच ऑक्सिजन भरून नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) मिसळणार असाल, तर सिलिकॉन ग्रीस चालत नाही, ऑक्सिजनला चालणारंच हवं. शिवाय टाकीची ऑक्सिजन-सफाई वेगळी करून घ्यावी लागते. अशा टाकीत गंजाची पूड आग लावू शकते.

आतली नळी जागेवर आहे ना पाहा. व्हॉल्व्ह शेवटपर्यंत हाताने फिरायला हवा. मध्ये अडला तर उलटा काढून आटे पुसा. टॉर्कचा आकडा व्हॉल्व्ह बनवणाऱ्याचा घ्या, अंदाजाने ओढू नका.

## टप्पा ११: पहिल्यांदा भरणं आणि ठेवणं

आधी १०-१५ बार भरा, मान आणि व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे नसतील तर टाकी उलटी करून व्हॉल्व्ह क्षणभर पांढऱ्या कापडावर सोडा. तांबूस ठिपके आले तर आत पूड आहे, परत टप्पा ९. कापड स्वच्छ असेल तर हळूहळू पूर्ण भरा.

भरायची हवा कोरडी नसेल तर आतापर्यंतचं सगळं फुकट. युरोपीय मानक ईएन १२०२१ प्रमाणे टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेत घनमीटरमागे २५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पाणी नको, म्हणजे १२ लिटरच्या २०० बार फिलमध्ये फार तर ६० मिलिग्रॅम. फिल्टरचे तास उलटून गेले की ही मर्यादा कुठल्या कुठे जाते. कॉम्प्रेसरचं साचलेलं पाणी दर १०-१५ मिनिटांनी सोडा. भरण्याआधी टाकीच्या व्हॉल्व्हमधलं आणि होजच्या टोकातलं पाणी उडवून द्या. पाणी आत जाण्याची सगळ्यात नेहमीची वाट हीच. पाण्याखाली टाकी कधीही पूर्ण रिकामी करू नका.

पावसाळ्यात ठेवताना २०-३० बार ठेवा आणि टाकी उभी ठेवा, म्हणजे राहिलेलं थोडंफार पाणी भिंतीपेक्षा जाड असलेल्या बुडाशी जमतं. पूर्ण भरून ठेवली तर २०० बारला ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) ४२ बार असतो आणि आत ओल असल्यास गंज झपाट्याने वाढतो. कमी दाबाचा एक वेगळा धोका आहे. गंज ऑक्सिजन खातो. २० बारच्या १२ लिटर टाकीत ऑक्सिजन १ टक्क्याने उतरवायला साधारण ७ ग्रॅम लोखंड गंजावं लागतं. २०० बारला त्याच्या दहापट. म्हणजे महिनोन्‌महिने पडून असलेल्या, थोडीशी हवा उरलेल्या टाकीतली हवाच सर्वांत संशयास्पद. ती श्वासाला वापरू नका. ऑक्सिमीटरवर (हवेतला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून पाहा, सोडून द्या, पुन्हा भरा. आकडा साध्या हवेतल्या २०.९ टक्क्यांपेक्षा स्पष्टपणे खाली असेल तर भरण्याआधी व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडा. उलट भरलेल्या टाकीत २०.९ दिसलं म्हणून आत गंज नाही असा निष्कर्ष काढू नका. तिथे ही चाचणी फार ढोबळ आहे.

टाकीच्या कार्डावर तारीख, टाकीचा क्रमांक, सफाईनंतरचं वजन, कोणत्या भागात गंज होता, खळगे असल्यास त्यांची जागा आणि मोजलेली खोली, ओ-रिंगचं माप आणि लावलेला टॉर्क लिहा. आतले फोटो काढले असतील तर त्यांच्यावर टाकीचा क्रमांक घाला. वर्षाने पुन्हा उघडाल तेव्हा त्याच खळग्याची खोली आधी मोजा.